सीसीचं नंतर बघू

कॉलेजचा प्रवेश पक्का झाला की घरोघरी पुढचा विषय गाडीचा निघतो आणि माझा फोन वाजायला लागतो. गोतावळ्यात मोटरसायकलवेडा म्हणून माझंच नाव आहे, त्यामुळे ‘मामाला विचार’ असं म्हणून पोरं माझ्याकडे पिटाळली जातात. यंदा सख्खा भाचाच आला. प्रश्न त्यानं तयारच ठेवला होता, “मामा, दोनशे घेऊ का थ्री नाइंटी?” त्याच्या आधी ताईचा फोन येऊन गेला होता. “त्याला स्कूटर घे म्हणून सांग. तुझं ऐकतो तो.” मी दोघांचंही ऐकलं नाही.

स्पोर्ट बाइक म्हटली की कपाळाला आठ्या घालणाऱ्यांतला मी नाही. आमच्या पिढीनं आरएक्स 100च्या आवाजावर जीव टाकला. 2003 मध्ये करिझ्मा आली, पुढच्याच वर्षी ‘धूम’ लागला आणि गल्लोगल्ली जॉन अब्राहम तयार झाले. खरा फरक पडला तो 2008 साली, यामाहानं आर15 आणली तेव्हा. इंजिन दीडशेचंच, पण चौकट, वजनाचा तोल, इंजिन पाण्यानं थंड ठेवायची व्यवस्था हे सगळं रेसच्या गाड्यांच्या घराण्यातलं. 2014 मध्ये केटीएमची आरसी मालिका आली, ती तर आपल्या चाकणला बनते आणि जगभर जाते. तेव्हा अठरा वर्षांच्या पोराला अशी गाडी हवीशी वाटली तर त्यात त्याचं काही चुकलं नाही. घरातून नकार मिळाला की तो मित्राची गाडी मागून घेतो. पायात चप्पल, डोकं उघडं, आणि गाडी हाताला न बसलेली. ते जास्त वाईट.

फक्त सीसीच्या आकड्यापासून सुरुवात करायची नाही. स्प्लेंडरचं इंजिन जेमतेम 8 अश्वशक्तीचं. आर15चं 18, आरसी 200चं 25 आणि आरसी 390चं 43च्या आसपास. हे आकडे वाचून कळत नाहीत, मुठीत कळतात. स्प्लेंडरवर अ‍ॅक्सिलरेटर चुकून जास्त पिळला गेला तर गाडी नुसती कुरकुरते. थ्री नाइंटीवर चाक खड्ड्यात आदळून मनगट तेवढंच फिरलं, तर पुढच्या रिक्षामागची ओळ वाचायच्या आत तुम्ही रिक्षात असता. आणि ही ताकद वापरणार कुठे? मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर दुचाकीला बंदी, समृद्धी महामार्गावर बंदी, अटल सेतूवर बंदी. उरला संध्याकाळी सातचा स्वारगेट ते कात्रज. तिथे हे मोठं एकसिलिंडर इंजिन हळू चालताना धक्के देतं, अर्ध्या क्लचवर डावा पंजा भरून येतो आणि रेडिएटरचा पंखा गरम वारा थेट मांड्यांवर सोडतो. माझं मत सरळ आहे. पहिली स्पोर्ट बाइक 150 ते 200च्या घरातली घ्यावी. हिचा अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण पिळून, वरच्या गिअरपर्यंत नीट वापरून काहीतरी शिकता येतं. थ्री नाइंटीवाल्याचा निम्मा वेळ गाडी आवरण्यात जातो.

शोरूममध्ये गेलात की माहितीपत्रक बाजूला ठेवा आणि गाडीवर बसा. दोन मिनिटं नाही, चांगली पंधरा मिनिटं. सेल्समन अस्वस्थ होईल, होऊ द्या. आर15च्या सीटची उंची 815 मिलिमीटर. साडेपाच फुटांच्या पोराचे दोन्ही पाय टाचांसकट टेकत नाहीत, चवड्यावर तोलावं लागतं. ते जमतं, पण स्टँड काढून गाडी मागे ढकलून बघा, हँडल पूर्ण वळवून बघा. स्पोर्ट बाइकचं हँडल फार कमी वळतं. सोसायटीच्या गेटाशी एका दमात वळेल म्हणून जावं, तर अंगठा टाकी आणि हँडलच्या मध्ये चेंगरतो आणि गाडी कलते. मी पाहिलेल्या नवशिक्यांचं पहिलं पडणं बहुतेक असंच, वेग शून्य आणि प्रेक्षक भरपूर. फेअरिंगचा, म्हणजे गाडीभोवतीच्या प्लास्टिकच्या आवरणाचा, एक तुकडा तडकला की सर्व्हिस सेंटरचं बिल बघून घरात जो आवाज होतो, तो सायलेन्सरहून मोठा.

मग मनगटं. खाली वाकलेल्या बैठकीत सगळा भार हातांवर टाकायची सवय नवशिक्याला लागते आणि मग ‘गाडी अंग दुखवते’ अशी तक्रार येते. टाकी गुडघ्यांनी घट्ट धरायची, पोट आणि कंबर कामाला लावायची, कोपरं सैल सोडायची. हाताला भार कळला नाही पाहिजे. हे शोरूममध्ये उभ्या गाडीवरही करून बघता येतं. जमत नसेल तर हट्ट सोडून त्याच कंपनीची उभ्या हँडलची गाडी घ्यावी. इंजिन बरेचदा तेच असतं.

भाच्याच्या घरी ही दुसरी गाडी असणार होती, म्हणून मागच्या सीटचा वाद टळला. तुमच्या घरात ती एकुलती एक गाडी असेल तर मात्र विचार करा. त्या उंच, हातरुमालाएवढ्या सीटवर साडी नेसलेली आई बसणार नाही, आजीचं तर नाव काढू नका, आणि भाजीची पिशवी अडकवायला हूक शोधाल तर मिळणार नाही.

पैशांचं पटकन सांगतो. सप्टेंबर 2025 पासून 350 सीसीपर्यंतच्या गाड्यांना 18 टक्के जीएसटी आहे आणि त्यावरच्यांना 40 टक्के. आरसी 390चं इंजिन 373 सीसीचं आहे, म्हणजे काय ते समजा. सक्तीच्या थर्ड पार्टी विम्याचे 2022 साली ठरलेले दर 75 ते 150 सीसीला वर्षाला 714 रुपये आणि 150च्या पुढे 350पर्यंत 1366. आजची आर15 155 सीसीची, म्हणजे पाच सीसीनं गट बदलला. जुनी गाडी घेणार असाल तर रंगाची चकाकी बघू नका. ब्रेकच्या दांड्याचं टोक, हँडलची टोकं आणि फूटरेस्टची कड बघा. घासलेली असतील तर गाडी लोळलेली आहे. एका बाजूची फेअरिंग दुसऱ्या बाजूपेक्षा नवी दिसत असेल तरी तेच. पुढच्या शॉकअपवर तेल ओघळलेलं नको, आणि आरसी बुकावर बँकेचा बोजा नको.

आता ब्रेक. यावर मी जरा जास्त बोलतो, भाच्यानंही तसं सुनावलं. पण आपल्याकडे सायकल शिकवतानाच कानात एक मंत्र घातला जातो, ‘पुढचा ब्रेक दाबू नको, तोंडावर पडशील.’ तोच मंत्र पुढे मोटरसायकलवरही येतो आणि माणूस जन्मभर उजव्या पायानं गाडी थांबवत राहतो. प्रत्यक्षात ब्रेक लागला की गाडीचं आणि स्वाराचं वजन पुढे सरकतं. पुढचं टायर रस्त्यावर दाबलं जातं, मागचं हलकं होतं. हलक्या झालेल्या चाकावर जोरात पाय दिला की ते लॉक होतं आणि गाडी ढुंगण फिरवते. थांबवायचं बहुतेक काम पुढच्या डिस्कचं आहे.

फक्त तो एकदम आवळायचा नाही. लिंबू पिळतो तसा दाबायचा. आधी हलका, पुढचा शॉकअप खाली बसला की जोर वाढवत न्यायचा. चाकणच्या किंवा रांजणगावच्या औद्योगिक पट्ट्यातले रस्ते रविवारी रिकामे असतात, तिथे जावं. तीसच्या वेगानं सुरुवात करावी, मग चाळीस, मग पन्नास. चाक लॉक होऊ न देणारं एबीएस कामाला लागलं की दांडा बोटांखाली थरथरतो. पहिल्यांदा ते जाणवलं की घाबरून बोटं सुटतात, आणि नेमकी तीच वेळ धरून ठेवायची असते. हा थरकाप एकदा ओळखीचा झाला की खऱ्या प्रसंगात हात दगा देत नाही. 125 सीसीच्या वरच्या गाड्यांना एबीएस 2019 पासून सक्तीचं आहे, पण स्वस्तातल्या गाड्यांत ते पुढच्याच चाकाला असतं. दोन्ही चाकांना असलेली गाडी घ्या. इथे पैसे वाचवू नका, रंगात वाचवा.

साधं गणित आहे. ताशी ऐंशीला गाडी सेकंदाला 22 मीटर जाते. समोर म्हैस आली हे मेंदूला कळून बोटं हलायला साधारण एक सेकंद जातो, म्हणजे ब्रेक लागायच्या आधीच एसटीच्या दोन बस मावतील एवढं अंतर गेलं. वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यानंतरचं अंतर चौपट होतं. हे भाच्याला अकरावीच्या फिजिक्समध्ये शिकवलं आहे. त्याला मार्कही चांगले आहेत.

घाटाचं प्रकरण वेगळं. वेगात गाडी हँडल फिरवून वळत नाही, झोपवावी लागते, आणि उजवीकडे झोपवायची तर हँडलची उजवी बाजू किंचित पुढे ढकलायची. ऐकायला उलटं वाटतं. सगळे स्वार नकळत हेच करतात, पण ज्याला कळलेलं असतं त्याला घाबरल्यावरही ते करता येतं. न कळलेला माणूस अंग आखडून सरळ दरीच्या कठड्याकडे जातो. नजरही तशीच. खड्ड्याकडे बघत राहिलात तर खड्ड्यातच जाल. वळणाचा शेवट जिथे दिसतो तिथे बघायचं, गाडी मागोमाग येते.

ताम्हिणीत, वरंधात रविवारी सकाळी पोरांच्या टोळ्या दिसतात. उजव्या वळणावर टायर मधल्या पट्ट्याला चिकटवून गाडी झोपवलेली असते. टायर आपल्या बाजूला आहे म्हणून तो निर्धास्त असतो, पण गाडी झोपली की त्याचं डोकं पट्ट्याच्या पलीकडे, समोरच्या बाजूला असतं. आणि समोरून येणारी एसटी नेमकी तिथूनच जात असते. उजव्या वळणात डावीकडे राहायचं, एवढं एक पाळलं तरी पुष्कळ.

आपल्या रस्त्यांची म्हणून काही खास दुखणी आहेत. पहिल्या पावसात रस्त्यावरचं तेल वर येतं. झेब्राचे पांढरे पट्टे, उड्डाणपुलावरच्या लोखंडी सांध्याच्या पट्ट्या आणि ड्रेनेजची झाकणं तेव्हा बर्फासारखी होतात. उसाच्या हंगामात सोलापूर, सातारा, कोल्हापूरकडे रात्री मागचा दिवा नसलेल्या ट्रॉल्या अंधारात उभ्या असतात. त्या भागात रात्री स्पोर्ट बाइक काढूच नये, असं मी म्हणतो. नवं टायर पहिले शंभरेक किलोमीटर गुळगुळीत असतं, तेव्हा त्यावर शौर्य दाखवू नये.

हेल्मेटबद्दल पुणेकरांना काही सांगणं म्हणजे भांडण विकत घेणं, तरी सांगतो. रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार 2022 मध्ये देशात रस्त्यांवर 1,68,491 माणसं गेली. त्यातली 74,897 दुचाकीवरची. हेल्मेट न घातल्यामुळे गेलेल्यांचा आकडा पन्नास हजारांच्या वर आहे. वाकून चालवायच्या गाडीवर पडताना हनुवटी पुढे असते, म्हणून हेल्मेट तोंड झाकणारंच हवं, आयएसआय मार्काचं, मापाचं आणि पट्टा लावलेलं. गालांना दाबत नसेल तर ते सैल आहे. त्यासोबत जॅकेट, घोटा झाकणारे बूट आणि हातमोजे. पडताना माणूस पहिल्यांदा तळहात टेकतो, आणि डांबर तळहात सोलून काढतं. गाडीचं बजेट ठरवतानाच वीसेक हजार या सामानाला बाजूला काढा. त्यापायी थ्री नाइंटीवरून दोनशेवर यावं लागलं तर उत्तमच.

भाच्यानं दोनशे घेतली, निळी मिळेना म्हणून नाराजीनं. ताई अजून माझ्याशी तुटक बोलते.

राहता राहिले दहावी-अकरावीच्या पोरांचे आईबाप. गिअरच्या मोटरसायकलचं लायसन्स अठरा पूर्ण झाल्याशिवाय मिळत नाही. त्याआधी पोराच्या हाती किल्ली दिली आणि त्याच्या हातून गुन्हा घडला, तर कायद्यानं पालकाला 25 हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, वर गाडीची नोंदणी वर्षभर रद्द. तेव्हा वाढदिवसाची वाट बघा. आणि शोरूममध्ये पोराला मित्रांबरोबर पाठवू नका, स्वतः जा. डिलिव्हरीची तारीख हेल्मेट, जॅकेट आणि बूट घरी आल्यानंतरचीच घ्या.