सूप कोणी तपासायचं?

डिझाइनच्या शाळांत मुलांची सौंदर्यदृष्टी घडवतात म्हणे. घडवा. पण कोणाच्या डोळ्यांनी, ते आधी सांगा.

१९५८ साली चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन जोडप्यानं भारत सरकारला अहवाल दिला. त्यातून १९६१ साली अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. अहवालात लोट्याचं कौतुक आहे, प्रश्नांची माळ आहे. हातात कसा बसतो, डोक्यावर कसा तोलतो, आतून घासता येतो का, टेकवताना वाजतो कसा. सगळं विचारलं. एवढंच विचारलं नाही, की याला हात लावायची बंदी कोणाला? महाडच्या तळ्याला तेव्हा ३१ वर्षं झाली होती. याच सुंदर लोट्यानं आमच्या ओंजळीत वरून पाणी ओतलं. ती उंची कोणत्या ड्रॉइंगमध्ये आहे?

वस्तू कोणाच्या हातात आणि कोणाच्या नाही, हा प्रश्न सौंदर्याच्या बाहेरचा नाही. आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीत या. महाड घडलं त्याच १९२७ साली वनकायद्यानं बांबूला झाड ठरवलं. बुरुडानं तोडला तर चोरी. बल्लारपूरच्या कागद कारखान्याला तोच ठेक्यानं. मेंढा-लेखाच्या ग्रामसभेला स्वतःचा बांबू विकायला २०११ उजाडलं. कायद्यातली व्याख्या २०१७ साली बदलली, तीही जंगलाबाहेरच्या बांबूपुरती कामाची.

आता इथं मुलं कॅमेरे घेऊन येतात. बुरुडीण बांबू ठोकून आवाज ऐकते, कामटी वाकवून पाहते, नको ती फेकते. याला नाव कारागिरी. मास्तर कागदावर हेच करतो, तर ती दृष्टी! अरे, फेकणं म्हणजेच निवड, अन् निवड म्हणजेच दृष्टी. कोंडा उडाला पायजे, दाणा राह्यला पायजे, ही सुपाची परीक्षा. ती फोटोत दिसत नाही. "हातात घेऊन पाय ना बाई, नुसतं डोयानं का समजते?" हे वाक्य कोणत्या अभ्यासक्रमात आहे?

म्हणून माझी मागणी साधी. मुलांचं काम तपासायला बुरुडीण बसवा. शाल-नारळाची पाहुणी नको, परीक्षक म्हणून बसवा. मास्तराइतक्याच मानधनावर, नापास करायच्या हक्कासकट. अन् तिच्या पोरीला त्याच वर्गात जागा द्या.

सूप तिच्या हाती येऊ द्या. कोंडा कोण, दाणा कोण, मग ठरेल.