किट नको, भांडवल द्या

रमजानच्या शेवटच्या आठवड्यात हिंगणघाटच्या आमच्या मोहल्ल्यात रेशनच्या किट वाटतात. तेल, साखर, शेवया, खजूर. फोटो निघतात, दुआ होते. यंदा त्या रांगेत एक पिंजारी चाचा होते. चाळीस वर्षं लोकांच्या गाद्या-रजया भरलेला माणूस. मला पाहताच त्यांनी मान वळवली.

आपला वर्धा जिल्हा कापसाचा. हिंगणघाटच्या नावाने ओळखला जाणारा कापूस इंग्रजांच्या काळात विलायतेला जायचा. गावातला कारागीर स्वतःच्या पायावर उभा राहावा म्हणून १९३४ साली गांधीजींनी अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ काढला, तोही वर्ध्यातच. त्याच जिल्ह्यात कापूस पिंजणारा कारागीर आज उभा आहे तो किटच्या रांगेत.

चाचांचा हुनर कमी पडला नाही, भांडवल कमी पडलं. फोमच्या गाद्या आल्या तेव्हा त्यांना नवं यंत्र आणि छोटं दुकान हवं होतं. विनातारण कर्जाची मुद्रा योजना २०१५ पासून आहे. मी त्यांच्यासोबत बँकेत गेलो. साहेबांनी पत्ता वाचला आणि म्हणाले, ‘मोहल्ल्याबाहेरचा जामीनदार आणा.’

हा एका साहेबाचा स्वभाव नाही. काही बँका मुस्लिम वस्त्यांना कर्जासाठी ‘नकारात्मक क्षेत्र’ ठरवतात, हे सच्चर समितीने २००६ मध्येच लिहून ठेवलंय. त्या अहवालानुसार लोकसंख्येत आपण १३.४ टक्के होतो आणि प्राधान्य क्षेत्राच्या कर्जरकमेत वाटा ४.७ टक्के होता. अमेरिकेत १९३०च्या दशकात सरकारी संस्थेने शहरांचे नकाशे काढून काळ्या लोकांच्या वस्त्या लाल रंगाने रंगवल्या होत्या. लाल वस्तीला घरकर्ज मिळणं मुश्कील. घर नाही म्हणून तारण नाही, तारण नाही म्हणून धंदा नाही. त्या लाल रंगाची किंमत त्यांची नातवंडं आजही मोजतात. आपल्याकडे नकाशा छापावा लागत नाही, पत्ता पुरतो.

बँकेला जाब विचारलाच पाहिजे. कर्ज नाकारलं तर कारण लेखी मागा. पण आपलं काय? ‘सूद हराम आहे’ म्हणून बँकेची पायरी न चढणारे आपले लोक बायकोचे दागिने सावकाराकडे ठेवतात. तिथला सूद कोणत्या हिशेबात बसतो? निकाहाच्या दावतीला लाखो रुपये निघतात, पण बिरादरीतल्या पोराच्या दुकानासाठी पन्नास हजार मागितले की सगळ्यांचे हात खिशातच राहतात.

जकातीतून गरजूला यंत्राचा मालक करता येतं. त्याला कोणता आलिम मना करतो? दरवर्षी पाचशे किट वाटण्याऐवजी अडीचशे वाटा. विधवा, म्हातारे, आजारी यांना त्या मिळाल्याच पाहिजेत. उरलेल्या पैशांतून हुनर असलेल्या दोन-चार जणांना यंत्र घेऊन द्या. सदक्यातून कर्ज-ए-हसनाचा निधी उभा करा, त्याचा हिशेब दर महिन्याला मशिदीच्या फळ्यावर लावा. आणि तो फक्त आपल्यापुरता ठेवू नका. शेजारच्या बौद्ध वस्तीतल्या, कुंभारवाड्यातल्या पोरालाही बँक असंच परत पाठवते.

किट पंधरा दिवसांत संपते. पुढच्या रमजानला रांग तेवढीच असेल, तर आपण सवाब मोजावा की आपलं अपयश?

चाचांनी मान का वळवली, ते मला कळलं होतं. वाटणाऱ्यांत मीही होतो.