ई-मेलवरील कर आणि व्यापाऱ्याची पत

एप्रिल २०२५ मध्ये, दोन हजार रुपयांवरील प्रत्येक यूपीआय व्यवहारावर जीएसटी बसणार, अशी आवई देशभर उठली. ती आपल्या दापोऱ्यातही पोहोचली. मजकडे तो संदेश एकाच दिवशी चार स्नेह्यांकडून आला; आणि चौघेही वहीत एक पैची चूक राहू न देणारे व्यापारी! १८ एप्रिल रोजी अर्थमंत्रालयाने ही वार्ता सर्वस्वी खोटी व निराधार असल्याचे जाहीर केले. जीएसटी लागतो तो व्यवहार घडवून देण्याबद्दल व्यापाऱ्याकडून घेतल्या जाणाऱ्या शुल्कावर. आणि यूपीआयपुरते ते शुल्क जानेवारी २०२० पासूनच रद्द झालेले. शुल्कच नाही, तेथे त्यावर कर कोठून येणार? परंतु हा खुलासा धाडण्याचे श्रम चौघांपैकी एकानेच घेतले.

ही आवई नव्या जातीची नव्हे. १९९९ साली अमेरिकेत अशीच एक हूल उठली होती. प्रत्येक ई-मेलमागे पाच सेंट आकारणारे '६०२ पी' नावाचे विधेयक येत असून टपालखात्याची तूट त्यातून भरून काढावयाची आहे, असे लोक एकमेकांस कळवू लागले. तेही, गंमत अशी की, ई-मेलनेच. विधेयक मांडणारा म्हणून ज्या लोकप्रतिनिधीचे नाव दिले होते, तो इसम मुळी अस्तित्वातच नव्हता. तरीही ऑक्टोबर २००० मध्ये न्यूयॉर्कच्या सिनेट निवडणुकीच्या जाहीर वादविवादात हिलरी क्लिंटन व रिक लॅझिओ यांना या विधेयकाविषयी प्रश्न विचारला गेला, आणि दोघांनीही त्यास विरोध दर्शविला!

धुरामागे विस्तवाची एक ठिणगी होती, हेही सांगितले पाहिजे. त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांच्या मानव विकास अहवालात, शंभर मोठ्या ई-मेलांमागे एक सेंट कर घ्यावा, अशी सूचना आली होती. गदारोळ होताच ती मागे पडली. सूचना ही सूचना होती. तिला कायदा समजण्याचे कारण नव्हते.

आपल्या राज्यघटनेच्या २६५ व्या कलमान्वये कायद्याच्या आधारावाचून कोणताही कर बसविता किंवा वसूल करता येत नाही. खऱ्या अधिसूचनेस क्रमांक असतो, दिनांक असतो. फिरत्या संदेशात या दोहोंचा पत्ता नसतो. 'सर्वांना पाठवा' एवढी आज्ञा मात्र न चुकता असते. जुलै २०१७ पासून नियमांत इतके फेरबदल झाले, की व्यापाऱ्याचा कशावरही विश्वास बसावा, ही तक्रार मला मान्य आहे. तिचा दोष सरकारकडे जातो. परंतु संदेश पुढे ढकलणारे बोट आपलेच असते.

'आम्ही लिहिले नाही, केवळ पाठविले,' असे कोणी म्हणेल. सत्याणुव्रताच्या अतिचारांत कूटलेखक्रिया सांगितली आहे, आणि कृत, कारित, अनुमोदित असा भेद करणाऱ्या आपल्या शास्त्राने तिन्हींची जबाबदारी मानली आहे. पेढीचा व्यवहारही हेच सांगतो. हुंडीच्या पाठीवर सही करून ती पुढे देणारा 'हुंडी मी लिहिली नाही' म्हणून सुटत नसे.

खोट्या कराच्या भयाने खऱ्याकडे दुर्लक्ष होते, हे नुकसान मला अधिक मोठे वाटते. जुलै २०२५ मध्ये कर्नाटकातील लहान दुकानदारांना यूपीआयच्या जमेवरून नोटिसा आल्या, तेव्हा कित्येकांनी यूपीआयचे फलकच उतरविले. कर मात्र यूपीआयवर नव्हता, विक्रीवर होता. केवळ माल विकणाऱ्यास सर्वसाधारणपणे वार्षिक चाळीस लाखांच्या उलाढालीनंतर नोंदणी करावी लागते. त्या उलाढालीत रोख विक्रीही धरली जाते. फलक उतरविल्याने ती मर्यादा वाढत नाही.

म्हणून संघाच्या कार्यकारिणीपुढे माझी एक सूचना आहे. अधिसूचनेचा क्रमांक व दिनांक नसलेली करविषयक वार्ता संघाच्या व्हॉट्सॲप समूहावर कोणी टाकू नये. आणि टाकलीच व ती खोटी ठरली, तर ज्यांना ज्यांना ती धाडली, त्या प्रत्येकास खुलासाही त्याच सभासदाने त्याच दिवशी धाडावा.