गोळी देता, मग तुरीचं रान का हिसकता?

वस्तीवर कुणाला टीबी निघाला की साहेब आधी विचारतो, दारू पितोस का? साहेब, जगातल्या चार टीबी रोग्यांत एक भारतातला, तो काय दारूमुळं? विलायतेतही हा रोग घरोघर होता. जंतू सापडला १८८२ साली, औषध आलं १९४० नंतर. पण मरणं त्याच्या कितीतरी आधीपासून कमी होत गेली. पोटाला मिळू लागलं, घरं सुधारली, हे त्याचं एक मोठं कारण. झारखंडात २०१९ पासून रोग्यांच्या घरच्यांना महिन्याला तांदूळ-डाळ दिली. न दिलेल्या घरांपेक्षा तिथं फुप्फुसाचा नवा टीबी जवळपास निम्मा. डाळीनं! (गोळी मात्र कुणी सोडू नका.)

आता धाराशिवात बघा. पारधी बांधव गायरानात ज्वारी-तूर काढतात. १४ एप्रिल १९९० पर्यंतची अशी अतिक्रमणं भूमिहीन आदिवासी-दलितांच्या नावावर करायची, हा सरकारचाच निर्णय. तरी कितीकांचं सातबाऱ्यावर नाव नाही. टीबी झाला की पोषणाचे महिना हजार रुपये, तेही उपचार संपेतोवर. तुरीचं रान हिसकायचं आणि डाळीला पैसे द्यायचे, हा कुठला हिशोब? टीबीच्या सर्वेला कुणी आलं की रान किती, नावावर किती, हेही लिहून घ्यायला लावा. तो कागद आपण दाव्याला जोडू.