बालवाडीच्या बाई

बालवाडी चालविणे सोपे, असे पुष्कळांना वाटते. मला ते मान्य नाही. मी मोठ्या मुलांचा मुख्याध्यापक होतो. माझे विद्यार्थी स्वतःच्या पायांनी शाळेत येत. १९४५ साली समुद्रकाठच्या बोर्डी गावी ताराबाई मोडक यांनी अनुताई वाघांच्या साहाय्याने बालवाडी काढली. गरीब वस्तीतील मुले तेथे येईनात, तेव्हा या दोघींनी शाळाच त्यांच्या अंगणात नेली. तीच अंगणवाडी! आधी मुले गोळा करावयाची, हातपाय धुवावयाचे, नखे कापावयाची, केस विंचरावयाचे, गाणी-गोष्टी त्यानंतर. हे काम हलके कसे म्हणावे? आज चाकणच्या कामगारवस्तीत कित्येक आईबाप पहिल्या पाळीला कारखान्यात जातात. तेथील अंगणवाडीच्या बाई, बालमित्रांनो, रडणारे मूल कडेवर घेऊनच हजेरी लिहितात.