कुणासोबत आलात?

फेब्रुवारीच्या २८ तारखेला, शुक्रवारी, चाँद दिसला नाही. म्हणजे शाबानचे ३० दिवस पूर्ण होणार आणि पहिला रोजा रविवारी, २ मार्चला, हे पक्के झाले. आमच्या घरात त्यावरून चर्चा पेटली, कारण त्याच रविवारी मी जामठ्याच्या मैदानावर जाणार होते. विदर्भ आणि केरळ यांच्यातील रणजी करंडकाच्या अंतिम सामन्याचा तो पाचवा दिवस होता.

"पहिला रोजा, आणि तू मॅच बघायला? तीही एकटी?" जाऊबाईंनी विचारले. मुलाला क्रिकेटमध्ये रस नाही. ह्यांना दुकान सोडता येत नव्हते. उरले मी.

ही हौस आजची नाही. माझे अब्बा पुलगावच्या कॉटन मिलमध्ये कामाला होते. त्यांच्या रेडिओवरची कॉमेंट्री ऐकत मी मोठी झाले. १९८७ च्या विश्वचषकात ३१ ऑक्टोबरला नागपूरला भारत-न्यूझीलंड सामना झाला. अब्बा भाईजानला घेऊन गेले. मी आठ वर्षांची होते, हट्ट केला. अब्बा म्हणाले, "बेटा, पुढच्या वेळी." त्या दिवशी चेतन शर्माने विश्वचषकातली पहिली हॅटट्रिक घेतली, तिन्ही फलंदाज त्रिफळाचीत. गावसकरांनी एकदिवसीय सामन्यातले आपले एकमेव शतक केले, तेही अंगात ताप असताना, ८८ चेंडूंत १०३. भाईजान ते महिनाभर सांगत होता आणि मी महिनाभर रुसले होते. अब्बांची पुढची वेळ आली नाही. मिल बंद पडली, मग तब्येत ढासळली. त्यांना जाऊन आता बरीच वर्षे झाली.

म्हणतात, अमेरिकेत बेसबॉलचे शौकीन गाडी काढून एकेक मैदान पाहत फिरतात. तिथे मोठ्या लीगचे ३० संघ आहेत, म्हणजे वर्षानुवर्षे पुरेल अशी सफर. माझी सफर दोन मैदानांची. शनिवारी सकाळची शाळा आटोपून मी पुलगावहून रेल्वेने नागपूरला खालांकडे गेले. संध्याकाळी सिव्हिल लाइन्सचे जुने मैदान फाटकाबाहेरून पाहिले. १९८७ चा सामना इथलाच. अब्बा आणि भाईजान कोणत्या बाजूने आत गेले असतील, याचा अंदाज घेत पाच मिनिटे उभी राहिले आणि परतले. पहाटे खालांसोबत सेहरी केली. मग सकाळी मेट्रोने खापरीपर्यंत आणि पुढे ऑटोने जामठा.

ऑटोवाल्याने विचारले, "मॅडम, कुणासोबत आलात?" फाटकावर पर्स तपासणाऱ्या ताईंनी विचारले, "मागून कुणी येतंय का?" स्टँडमध्ये नातवाला घेऊन आलेल्या एका आजींनी डबा उघडत विचारले, "मिस्टर कुठं गेले?" कुणाच्याही मनात वाईट नव्हते. आजींनी तर पुरी पुढे केली. रोजा आहे म्हटल्यावर त्यांनी डबा झाकला आणि नातवाला घेऊन दोन ओळी मागे जाऊन बसल्या. मला संकोच वाटला, पण त्यांनी ते इतक्या सहज केले की आभार मानायलाही उशीर झाला.

तो प्रश्न मात्र दिवसभर माझ्याबरोबर राहिला. मी रोज एसटीने शाळेत एकटी जाते. प्रशिक्षणाला, पेपर तपासायला, निवडणुकीच्या ड्युटीला एकटी गेले आहे. तेव्हा कुणी विचारले नाही. स्त्रीच्या प्रवासाबद्दल आपल्या उलेमांमध्ये मतभेद आहेत, हे मला ठाऊक आहे आणि त्याचा आदरही आहे. पण आपल्या घरांत विचारले जाते ते अंतर पाहून नाही, कारण पाहून. बाई कामासाठी एकटी गेली तर ती कष्टाळू. चार तास आनंदात घालवायला गेली तर कपाळावर आठी. ह्यांची परवानगी होती, खालांचे घर होते, दिवसाउजेडी परतायचे होते. तरीही घरातून निघताना मी चोरासारखी निघाले होते.

खेळाचे सांगायचे तर विदर्भाच्या पहिल्या डावात ३७९ धावा झाल्या, त्यात दानिश मालेवारच्या १५३. केरळचा डाव ३४२ वर संपला. रणजीचा अंतिम सामना अनिर्णित राहिला तर पहिल्या डावातली आघाडी ज्याची, करंडक त्याचा. म्हणून त्या ३७ धावा सोन्याच्या होत्या. रविवारी विदर्भाने ४ बाद २४९ वरून खेळ सुरू केला. करुण नायर १३५ वर यष्टिचीत झाला. गोलंदाज होता आदित्य सरवटे.

हे नाव ऐकून मी सरसावून बसले. २०१९ मध्ये याच मैदानावर सौराष्ट्राविरुद्धच्या अंतिम सामन्यात सरवटेने विदर्भासाठी ११ बळी घेतले होते. आता तो केरळकडून खेळत होता. ओळखीच्या मैदानावर, ओळखीच्या लोकांसमोर, दुसऱ्या बाजूने, आणि तरी मन लावून. मी त्याच्यासाठी टाळ्या वाजवल्या. आजी मागून म्हणाल्या, "अहो, आपलाच गडी आउट झाला." मी म्हटले, "तोही आपलाच की."

जोहरची वेळ झाली. जिन्याखालच्या रिकाम्या कोपऱ्यात ओढणी अंथरून नमाज पढले. परत आले तर आजींनी माझी जागा रुमाल ठेवून राखली होती.

दर्शन नळकांडेचे अर्धशतक झाले, धावफलकावर ९ बाद ३७५ लागले आणि दोन्ही कर्णधारांनी हात मिळवले. विदर्भाचा हा तिसरा करंडक. पहिले दोन फैज फझलच्या नेतृत्वाखाली आले, त्या संघात वसीम जाफरही होता. त्याआधीची साठ वर्षे आपण नुसती वाट पाहिली होती. मला अब्बांची फार आठवण आली. सोबत कुणी नव्हते, म्हणून डोळे पुसताना कुणाला काही समजावून सांगावे लागले नाही. एकटे असण्याचा हा फायदा मला तोवर माहीत नव्हता.

वर्ध्याची एसटी मिळाली, तिथून पुलगाव आणि नाचणगाव. इफ्तारला वीस मिनिटे बाकी असताना घरी पोचले. ह्यांनी पपई कापून ठेवली होती, सालासकट. जाऊबाईंनी भजी तळता तळता विचारले, "कोण जिंकलं?" मी सांगत गेले. त्या ऐकत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "मला ते मैदान टीव्हीवर फार हिरवं दिसतं. खरंच तसं आहे का?" पंधरा वर्षे आम्ही एका घरात राहतो. त्यांनी हा प्रश्न कधी विचारला नव्हता, आणि मीही त्यांना कधी काही विचारले नव्हते.

सोमवारी सातवीतल्या एका मुलीने मधल्या सुट्टीत गाठले. ती मुलांबरोबर टेनिस बॉलने गोलंदाजी करते, आणि बरी करते. "मॅडम, मलाही बघायचंय." माझ्या तोंडावर अब्बांचेच शब्द आले होते, पुढच्या वेळी. ते मी गिळले. शाळा सुटल्यावर तिच्या घरी गेले आणि तिच्या अम्मीशी बोलले. नवा हंगाम सुरू झाला की जामठ्याच्या पहिल्या सामन्याला, रविवार पाहून, आम्ही चौघी जाणार आहोत. ती, तिची अम्मी, मी आणि जाऊबाई.

तुमच्याही घरात अशी एखादी राहून गेलेली पुढची वेळ असेल. अम्मीला, बहिणीला, जावेला एकदा विचारून पाहा, तुला काय बघायचं होतं?