पऱ्हाटीची फळी आणि चिंचोक्याची खळ

गेल्या वैशाखांत धाकट्या पुतण्यासाठीं आम्हीं लिहिण्याचें एक टेबल विकत आणलें. दिसण्यांत सागवानासारखें, किंमतींत हलकें; परंतु दुपारीं खोली तापली कीं मुलाच्या डोळ्यांची आग होऊं लागे. "वास कशाचा रे हा?" असें थोरल्या काकूंनीं विचारलें, तेव्हां आमच्या शास्त्रज्ञानाची परीक्षाच झाली.

हें टेबल अखंड लाकडाचें नव्हे. लाकडाच्या बारीक कपच्यांत कृत्रिम डिंक कालवून, तापलेल्या यंत्रांत दाबून केलेली ही फळी. बाजारांत तिला पार्टिकल बोर्ड म्हणतात. तो डिंक बहुधा युरिया-फॉर्मल्डिहाइडचा असतो. स्वस्त खरा, परंतु त्यांतून फॉर्मल्डिहाइड वायु पुढें कित्येक महिने थोडथोडा सुटत राहतो आणि उष्मा व दमटपणा वाढला कीं अधिक सुटतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेनें २००४ सालीं तो मनुष्यास कर्करोगकारक ठरविला. तेवढ्यावरून घरांत घबराट नको. पण डोळ्यांची आग ही सूचना समजावी.

मग लाकूडही नको आणि हा डिंकही नको, असें जमेल काय? लाकडाचा प्रश्न सोपा आहे. कापूस वेंचून झाल्यावर विदर्भांत जी पऱ्हाटी उरते ती बरीचशी चुलींत जाते किंवा बांधावर जळते. ती लाकडासारखीच टणक असून तिच्या फळ्या होतात, हें मुंबईच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेनें करून दाखविलें आहे. शेतांत ती उभी राहिली तर गुलाबी बोंडअळीला आसरा मिळतो, म्हणून ती वेळेवर निघालेलीच बरी. उसाच्या चिपाडाचें तसें नाहीं. त्यांतील भुसभुशीत गर डिंक पिऊन टाकतो, तो आधीं काढावा लागतो. गव्हाच्या काडाला मेणचट कवच असतें, त्यावर नेहमींचा डिंक नीट धरत नाहीं. खरी अडचण वेगळीच आहे : पीक निघतें चार महिन्यांत, कारखान्याला माल हवा बारा महिने, आणि काडी-कचरा गाडींत जागा फार खातो.

डिंकाचें कोडें अवघड. अमेरिकेंत १९२० नंतर सोयाबीनच्या पिठाचा डिंक प्लायवुडला लावीत. तो पाण्यापुढें टिकेना, म्हणून कृत्रिम डिंकांनीं त्याची जागा घेतली. पुढें ऑरेगन स्टेट विद्यापीठांतील काइचांग ली यांनीं समुद्रांतील शिंपले ओल्या खडकाला कसे चिकटतात यावरून विचार केला, व २००५ पासून सोयाबीनच्या डिंकाचें प्लायवुड पुन्हां बाजारांत आलें. मात्र त्या डिंकांत कागद ओला असतांना फाटूं नये म्हणून वापरण्यांत येणारें एक कृत्रिम द्रव्य मिसळावें लागतें. तेव्हां त्यास 'निव्वळ वनस्पतिजन्य' म्हणणें ही जाहिरातदारांची अतिशयोक्ति होय.

आम्हींही एक उद्योग करून पाहिला. घोंगड्यांना चिंचोक्याची खळ देतात, तीच खळ कां नको? वर्ध्याकडील मेहुण्यांनीं पऱ्हाटीचें पोतें पाठविलें. तिचे तुकडे कुटून, चिंचोके भाजून, दळून, शिजवून केलेल्या खळींत कालविले, आणि दोन फळ्यांमध्यें घालून वर जात्याची तळी ठेविली. आठ दिवस उन्हांत वाळल्यावर वीतभर चौरस फळी झाली. टिचकी मारली तर टणटण वाजे! काकूंनीं तिजवर लोणच्याची बरणी ठेविली. श्रावण लागला आणि फळी फुगली, कडेला हिरवी बुरशी आली, बरणी एका बाजूला कलली. खळ ही पाण्यांत फुगणारी. यंत्राच्या उष्णतेनें डिंकांत जो कायमचा पालट घडतो तो उन्हानें तिच्यांत घडत नाहीं, हें आम्ही विसरलों होतों.

आतां त्या टेबलाविषयीं. वायु विशेषेंकरून उघड्या, कापलेल्या कडांतून सुटतो. म्हणून सुताराकडून खालच्या व मागच्या कडांना पट्ट्या बसवून घेतल्या, आणि दोन महिने तें खिडक्या उघड्या असलेल्या माडीवर ठेविलें. वास पुष्कळ कमी झाला आहे. पुतण्या अद्याप ओटीवर पाटावर बसूनच लिहितो.